ठाकुर्ली ते बाळकुम, ताप नाही म्हणत

मी टूर मॅनेजर आहे. चाळीस-चाळीस मराठी माणसं परदेशात न्यायची, त्यांना वेळेवर जेवायला घालायचं, बर्फात फोटो काढून द्यायचे आणि एकही न हरवता परत आणायची, हा माझा धंदा. परत आलो की चाळीतले लोक विचारतात, या वेळी काय काय पाहिलंत? मीही रंगवून सांगतो. पण ज्या प्रवासाने माझी झोप कायमची कमी केली, त्याबद्दल कुणी विचारत नाही. तो ठाकुर्लीहून बाळकुमला गेलो तो. पंचवीसेक किलोमीटर असेल, एरवी तासाभराचा रस्ता. पहिल्या लॉकडाऊनच्या मे महिन्यात मला त्याला अख्खा दिवस लागला.

आधी माझ्या दोन सवयी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिली मोजायची. बसमध्ये चढलो की मी काउंट घेतो. घरातही तेच. बाहेर पडताना दारात उभा राहून मी ओरडतो, "काउंट!" माझी बायको सुजाता म्हणते "एक", मुलगी मैत्री म्हणते "दोन", मी म्हणतो "तीन, चला." सुजाताला हे अजिबात आवडत नाही, पण मैत्रीला हसू येतं म्हणून ती "एक" म्हणते.

दुसरी सवय धंद्यातली. विमानतळावर ताप तपासत असतील आणि ग्रुपमधल्या कुणाचं अंग गरम लागलं, तर तासभर आधी त्याला तापाची गोळी द्यायची, वर गार पाणी पाजायचं आणि काउंटरवर आपण हसतमुखाने पुढे व्हायचं. एकासाठी एकोणचाळीस जणांची सहल कशाला बुडवायची? हे मी इतक्या वेळा केलं होतं की यात काही गैर आहे असं कधी डोक्यातच आलं नाही. उलट मित्रांत बसलो की फुशारकीने सांगायचो.

ठाकुर्ली

आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. विहार बंद, म्हणून सुजाताने घरीच खीर केली आणि सात वर्षांच्या मैत्रीने ती तीन वाट्या चापली. सकाळी ती पोट धरून उठली, बेंबीपाशी दुखतंय म्हणाली, एकदा ओकली. आम्ही दोघांनी खिरीला दोष दिला. मग सुजाताने तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. ताप होता.

त्या दिवसांत ताप म्हणजे काय, हे आता सांगितलं तर लोकांना खोटं वाटेल. आमच्या मागच्या चाळीत एका माणसाला ताप आला तर जिन्याला बांबू लावले होते, आणि त्याच्या घरचं दूध कुणी वर न्यायला तयार नव्हतं. ताप आला की माणूस घरच्यांपासून तुटायचा. गाडी यायची, एकट्याला घेऊन जायची. मैत्रीला एकटीला कुठे पाठवायचं या विचाराने मला घरात उभं राहवेना. मी तीनदा गॅलरीत गेलो, तीनदा आत आलो.

"तू बस ना जरा एका जागी," सुजाता म्हणाली.

"बसून काय होणारय? डॉक्टरकडे नेतो. पण तापाचं औषध दे आधी तिला."

"डॉक्टरला तरी खरं सांगशील ना?"

"अगं, दवाखान्याच्या दारात ती बंदूक लावतात कपाळाला. ताप दिसला तर आत घेणारच नाहीत. आत जाऊ दे, मग बघू."

आमच्या चाळीच्या कमिटीचा नियम, एका घरातून एकाच मोठ्या माणसाने बाहेर जायचं. सुजाता दारातच थांबली. मी सवयीने "काउंट" म्हणालो. तिने "एक" म्हटलं, पण तोंड फिरवून. मैत्री हळूच "दोन" म्हणाली.

डोंबिवली

परदेशात प्रत्येक देशाची वेगळी रीत असते: कुठे चपला काढा, कुठे टोपी काढा. त्या महिन्यात डोंबिवलीत प्रत्येक गेटची वेगळी रीत होती. एका ठिकाणी हातावर सॅनिटायझर, दुसऱ्या ठिकाणी पायाखाली जंतुनाशकात भिजवलेलं गोणपाट, तिसऱ्या ठिकाणी वॉचमन दुरूनच काठीने वही पुढे सरकवायचा. माझा चेहरा अशा वेळी आपोआप हसरा होतो. मास्कमुळे कुणाला दिसत नव्हता, तरी मी हसत होतो.

दवाखान्यात डॉक्टर प्लास्टिकच्या पडद्यामागे बसले होते. मैत्रीच्या कपाळाला बंदूक लावली, सगळं नॉर्मल. औषधाने काम केलं होतं.

"ताप वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. आत गेल्यावर खरं सांगणार होतो ना, मग का नाही सांगितलं? खरं सांगायचं तर उघड्या दाराबाहेर अजून सात-आठ पालक उभे होते आणि त्यांच्यासमोर तो शब्द माझ्या तोंडून निघेना. डॉक्टरांनी खिरीची हकीकत ऐकली, गॅसचं औषध लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यांची काहीच चूक नव्हती. मी सांगितलं तेवढंच त्यांना कळणार होतं.

मी विजयी वीरासारखा स्कूटरवरून घरी आलो. सुजाताने विचारलं, "सांगितलंस का?" मी म्हणालो, "गॅस आहे फक्त." हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं आणि ते तिलाही समजलं.

कल्याण

दुपारी बाराच्या सुमारास मैत्री संडासाकडे निघाली आणि कमरेत वाकून, उजवा पाय जपत चालायला लागली. आता बेंबीपाशी नाही, खाली उजव्या बाजूला दुखत होतं. ताप परत चढला होता. मी स्कूटर काढली, पण पहिल्याच खड्ड्यात ती अशी किंचाळली की मी स्कूटर तिथेच टेकवली. रिक्षा बंद, टॅक्सी बंद. गल्लीच्या तोंडाशी बाळाराम भोईर टेम्पोतून भाजी उतरवत होते. इथलेच जुने गाववाले, पन्नाशीचे, आवाज असा की पलीकडच्या आळीत ऐकू जावा. काचेवर 'अत्यावश्यक सेवा' असा कागद चिकटवलेला.

"पोरीला काय झायलंय रं दादा?"

"पोट दुखतंय. कल्याणला न्यायचंय. पण पास नाहीये माझ्याकडे."

"पोर आजारी हाय, मंग पास कला पायजे? बस चल." त्यांनी अर्ध्या उतरवलेल्या कोबीच्या गोणी तशाच परत आत ढकलल्या.

केबिनमध्ये मैत्रीला मांडीवर आडवी घेतली. कल्याण येईपर्यंत मी तिला शिकवलं. आमच्या प्रवाशांना मी पासपोर्टच्या काउंटरसाठी शिकवतो ना, विचारलं तेवढंच सांगायचं, जास्त बोलायचं नाही, तसंच.

"कोणी विचारलं ताप आहे का, तर काय म्हणायचं?"

"ताप नाही."

"हसून म्हणायचं."

"ताप नाही," ती हसून म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसली. मी तिला शाब्बास म्हणालो. हे लिहिताना मला ते 'शाब्बास' अजून ऐकू येतं.

कल्याणच्या हॉस्पिटलात आमचं नाटक बघायलाच कुणी नव्हतं. गेट बंद, बाहेर पाटी, फक्त कोविड. मी गेट वाजवत राहिलो. शेवटी एक नर्सबाई आतून दहा हात लांब उभी राहिली आणि म्हणाली, "इथे मुलीला आणूच नका. इथनं आजार घेऊन जाल." मग तिने टेम्पोतून उतरलेल्या मैत्रीकडे पाहिलं. "ती अशी वाकून का चालतेय? चालवा बरं तिला." मैत्री चार पावलं चालली. नर्सबाईचा आवाज बदलला. "हे गॅसचं नाही. लहान मुलांचा सर्जन लागेल. बाळकुमला एक छोटं हॉस्पिटल आहे, तिथे एक बाई आहेत, त्या बघतायत अजून. वेळ घालवू नका."

गंमत बघा, दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मुलीकडे नीट पाहिलं, ते बंद गेटच्या आतून, दहा हातांवरून.

काल्हेर

दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनगाव, मग रांजनोली नाका. नाक्यावर पोलिसाने थांबवलं. गाडीत कोबी का आणि कोबीसोबत माणूस का, हे त्याला समजेना. भोईरांनी मोठ्या आवाजात जे काही सांगितलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण पोलिसाने खिडकीतून मैत्रीकडे पाहिलं आणि बॅरिकेड बाजूला केलं. पुढे दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन, सगळी शटर खाली, रस्ता मोकळा. एवढा मोकळा भिवंडी रोड मी आयुष्यात पाहिला नव्हता. एरवी मी त्याचा फोटो काढला असता.

काल्हेरला टेम्पो तापला आणि बंद पडला. भोईरांची बहीण तिथेच, रस्त्याला लागून राहणारी. तिने कुंपणावरून पाण्याची कळशी दिली, रेडिएटरमध्ये भोईर पाणी ओतेपर्यंत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी कागदात बांधून दिली. आमच्या चाळीत तेव्हा शेजारी शेजाऱ्याच्या हातचं पाणी पीत नव्हते. इथे मी कोण, कुठून आलो, कुणी विचारलं नाही. तिने मैत्रीपुढे एक पिकलेला आंबा धरला, घरच्या झाडाचा, देठाशी चीक असलेला. मैत्री म्हणजे आंब्यासाठी अभ्यास सोडणारी पोर. तिने तोंड फिरवलं.

ती बाई आंबा परत घेत म्हणाली, "पोरीला खायला घालू नको काय आता. लवकर ने."

मी तेव्हा घाबरलो. सकाळपासून धावपळ करत होतो, पण घाबरलो नव्हतो. काउंटरमागून काउंटर पार करत होतो एवढंच. आणि तरीही, टेम्पो सुरू झाल्यावर मी काय केलं? कशेळीच्या पुलावर खाली खाडीला ओहोटी लागली होती, चिखलात बगळे उभे होते, मैत्रीचं अंग पुन्हा भाजत होतं, आणि मी खिशातून बाटली काढून तिला तापाचा दुसरा डोस दिला. बाळकुमला पोचेपर्यंत उतरायला हवा, एवढा एकच विचार.

बाळकुम

हॉस्पिटल एका जुन्या बंगल्यात होतं, मागे उंचच उंच टॉवर. गेटपाशी तासभर थांबायला लागलं. मी येरझाऱ्या घालत होतो, वॉचमन मला दोनदा रागावला. पण त्या तासाचा माझ्या औषधाला फायदा झाला. बंदुकीत ताप आला नाही. मैत्रीला विचारलं तर ती शिकवल्याप्रमाणे हसून म्हणाली, "ताप नाही." मी फॉर्म भरला. ताप: नाही. खाली सही.

भिंतीवर मोठी सूचना होती. ताप असलेल्या मुलांना मागच्या दाराने वेगळ्या वॉर्डात नेण्यात येईल, सोबतच्यांना प्रवेश नाही.

डॉक्टरबाई साठीच्या, बुटक्या, पांढऱ्या किटमध्ये अजूनच बुटक्या दिसणाऱ्या. त्यांनी मैत्रीचं पोट हलक्या हाताने दाबलं, तिच्याशी शाळेबद्दल बोलल्या. मग सिस्टरने तिला शेजारच्या खोलीत रक्त घ्यायला नेलं आणि बाई माझ्याकडे वळल्या.

"मला अपेंडिक्सची शंका आहे. पण दुखणं फारसं नाही, ताप तर अजिबात नाही. सोनोग्राफी करणारे गृहस्थ उद्या सकाळी येतील. कोरोनाचा रिपोर्टही उद्याच मिळेल. तोवर आपण सलाईन लावून वाट पाहू."

मला इतकं हायसं वाटलं. वाट पाहू म्हणजे मी तिच्याजवळ बसणार. मी हात जोडले आणि जाता जाता उगीच विचारलं, "उद्यापर्यंत थांबलं तर चालेल ना, मॅडम?"

"ताप असता तर मी एक तासही थांबले नसते," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या.

मी दारातच उभा. सांगितलं तर आत्ता ऑपरेशन, आणि मैत्री मागच्या दाराने एकटी आत. नाही सांगितलं तर ती रात्रभर माझ्याजवळ, आणि पोटात जे काय चाललंय ते चालू. माझ्यासारख्या सतत हलणाऱ्या माणसाचे पाय तेव्हा जमिनीला चिकटले. बाईंनी हात पुसले, कागद उचलला.

"मॅडम, तिला ताप आहे," मी म्हणालो. "सकाळपासून आहे. मी औषध देऊन उतरवतोय."

बाई वळल्या. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. "कधी दिलं? किती दिलं?"

मी खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली, दोन्ही वेळा सांगितल्या.

"त्याच औषधाने दुखणंही दबलं असणार," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही मला तुमची मुलगी दाखवलीच नाहीत."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे फॉर्म पुढे केला, मी माझ्या हाताने 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं, पुन्हा सही केली. रिपोर्टसाठी थांबायचं नाही, सगळेजण किट घालून उभे राहतील, असं त्यांनी सिस्टरला सांगितलं. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडलो.

मैत्रीला मागच्या दाराने नेताना मला दहा पावलांवरून बघू दिलं. किट घातलेल्या मावशींचं बोट धरून ती वाकून चालत होती. "ग्रुप सोडून एकटं जायचं नाही" असं मी तिला लहानपणापासून सांगत आलोय. दारापाशी तिने मागे पाहिलं. मी काउंट म्हणायला तोंड उघडलं, आणि नुसतीच हात वर करून पुढे जा अशी खूण केली.

दिवस मावळायच्या आत बाई बाहेर आल्या. अपेंडिक्स सुजून टम्म झालं होतं, टोकाशी पू धरला होता. "उद्यापर्यंत फुटलं असतं," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलाकडे गेल्या. मी सुजाताला फोन करून सगळं सांगितलं, खोडलेल्या फॉर्मसकट. ती म्हणाली, "जेवलास का?" मी फूटपाथवर बसून सुकटाची चटणी आणि भाकरी खाल्ली. भोईर गेले नव्हते. कोबी तिथल्याच टॉवरवाल्यांना विकून टेम्पो रिकामा करून बसले होते.

दुसरा दिवस

मैत्री आता सातवीत आहे, पोटावरचा व्रण मैत्रिणींना कौतुकाने दाखवते. रिपोर्टही निगेटिव्ह आला होता. लोक म्हणतात, झालं ना सगळं नीट, मग इतकं काय मनाला लावून घेतोस? त्यांना मी दुसऱ्या दिवसाची सकाळ सांगत नाही. इथे सांगतो.

साडेआठला वॉर्डातल्या सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून दिला. प्लास्टिकच्या पिशवीतला फोन, त्यात मैत्रीचा धूसर चेहरा. तिकडून सुजाताला जोडून घेतलं. सिस्टर मैत्रीच्या हातात फोन देऊन पलीकडच्या खाटेवरच्या रडणाऱ्या बाळाकडे गेली. एकटी सिस्टर आणि खोलीभर मुलं.

"काउंट," मी म्हणालो. गेटसमोरच्या फूटपाथवर उभा होतो; रात्र मी आणि भोईरांनी तिथेच टेम्पोत काढली होती.

"एक," ठाकुर्लीहून सुजाता म्हणाली, या वेळी तोंड न फिरवता.

मैत्रीचं लक्ष सिस्टरकडे होतं. मी परत म्हणालो, "मैत्री, काउंट चाललाय."

"दोन," ती म्हणाली. मग तिने इकडे तिकडे पाहिलं, फोन तोंडाजवळ घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला खूप गरम होतंय. थंडी पण वाजतेय. सिस्टरने मघाशी विचारलं ना, तर मी हसून ताप नाही म्हटलं. बरोबर केलं ना?"

सुजाता तिकडून काहीतरी ओरडली. मी तिच्यावरून ओरडलो, "सांग! मैत्री, आत्ता सांग सिस्टरला! जोरात हाक मार!"

"पण ते आपल्याला..."

"बाबा चुकला, बेटा. बाबा खोटं बोलला. तू सांग!"

गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला, भोईर टेम्पोतून उतरून धावत आले. फोन तिच्या हातातून उलटा पडला. पडद्यावर नुसतं छत आणि एक फिरणारा पंखा. त्याखालून माझी पोर तिच्या बारीक, घसा बसलेल्या आवाजात, पण वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडत होती.

"सिस्टर! मला ताप आहे. पहाटेपासून आहे!"